सुरतेचा कापूस, पुण्याचा पैसा, ब्लॅकबर्नचा क्लब

इंग्लंडच्या लँकेशर परगण्यातले ब्लॅकबर्न हे नाव सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड मार्केटमध्ये फारसे कोणी घेत नसेल. सुरत आणि भरूच जिल्ह्यांतल्या कित्येक मुसलमान कुटुंबांना मात्र ते शेजारच्या तालुक्याइतके जवळचे आहे, कारण त्यांच्या घरातले कोणी ना कोणी साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिथल्या सूतगिरण्यांत कामाला गेले आणि तिथलेच झाले. मराठी माणसाला हे नाव ठाऊक असते ते वेगळ्या कारणाने. इंग्लिश फुटबॉलच्या सर्वांत जुन्या व्यावसायिक क्लबांपैकी एक असलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स नोव्हेंबर २०१० पासून पुण्याच्या वेंकीज समूहाच्या मालकीचा आहे. कुक्कुटपालनातून उभी राहिलेली ही कंपनी आणि दीडशे वर्षांचा हा क्लब यांची गाठ कशी पडली, याच्या चविष्ट कहाण्या पुष्कळ आहेत. त्यांच्यापेक्षा मोलाचा प्रश्न असा की, क्लब नावाची गोष्ट मुळात उभी कशी राहते? रोव्हर्सचा इतिहास पाहिला तर उत्तर स्वच्छ दिसते. क्लब जन्मतो तो कष्टकऱ्याच्या मोकळ्या वेळातून आणि वस्तीच्या आपलेपणातून. पैसा त्याला वर नेऊ शकतो, खड्ड्यातही घालू शकतो; पण ज्या जमिनीत तो रुजतो ती जमीन पैशाने तयार होत नाही.

ही जमीन पाहायची तर आधी कापसाकडे वळावे लागते. इंग्रजांनी सुरतेत वखार घातली ती सतराव्या शतकाच्या आरंभी, आणि पुढची शंभर वर्षे हिंदुस्थानी सुती कापडाने इंग्लंडच्या बाजारात अशी मुसंडी मारली की, तिथल्या पार्लमेंटला १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून ते अडवावे लागले. त्यानंतर यंत्रयुग आले. एकाच वेळी अनेक चात्यांवर सूत कातणारी ‘स्पिनिंग जेनी’ बनवणारा जेम्स हारग्रीव्ह्ज ब्लॅकबर्नजवळच्याच स्टॅनहिल या खेड्यातला. बघता बघता गंगा उलटी वाहू लागली. एकोणिसाव्या शतकात ब्लॅकबर्नचे माग हिंदुस्थानासाठी धोतरे विणत होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस येणे थांबले, तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा कापूस मागवला. तो कुठल्याही जिल्ह्यात पिकलेला असो, तिथे तो ‘सुरत’ म्हणूनच ओळखला जाई. त्याचा धागा सारखा तुटे, माग थांबे आणि मोजणीवर मजुरी मिळणाऱ्या विणकराची कमाई बुडे. त्यामुळे तिथला कामगार या कापसाला शिव्या घालत असे. पुढच्या वीस वर्षांत याच कामगारांच्या गावातून इंग्लिश फुटबॉलचा नकाशा बदलला.

हे तिथेच का घडले, याचे कारण घड्याळात आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने शनिवारी दुपारी दोन वाजता कापडगिरण्या बंद करणे भाग पडले आणि १८७४ च्या कायद्याने ती सुटी आणखी अलीकडे आणली. शनिवारची दुपार हातात आली, तशी गिरण्यांच्या गावांतून मैदाने गजबजू लागली. रोव्हर्सची स्थापना १८७५ ची. १८८३ मध्ये त्याच गावच्या ब्लॅकबर्न ऑलिंपिक या दुसऱ्या क्लबने एफए कपच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्स या उमरावी संघाला जादा वेळेत २-१ असे हरवले. ऑलिंपिकच्या संघात विणकर होते, सूत कातणारा होता, प्लंबर होता. हा करंडक उत्तरेकडच्या कामगारांनी जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मग १८८४, १८८५ आणि १८८६ अशी सलग तीन वर्षे तो रोव्हर्सने आपल्याकडे ठेवला. खेळाडूला पैसे द्यावेत की नाही, हा वाद तेव्हा पेटलेला होता. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला हौसेखातर खेळणे परवडते. मागावरच्या माणसाला रजा टाकली की त्या दिवसाची मजुरी जाते. हे व्यवहारी सत्य अखेर फुटबॉल संघटनेला १८८५ मध्ये मान्य करावे लागले आणि व्यावसायिक खेळाला परवानगी मिळाली. रोव्हर्सचा जिमी फॉरेस्ट हा इंग्लंडकडून खेळणारा पहिला व्यावसायिक खेळाडू ठरला. स्कॉटलंडने त्याच्या खेळण्यावर हरकत घेतली, म्हणून त्याला सहकाऱ्यांपेक्षा वेगळा शर्ट घालून मैदानात उतरावे लागले. आपल्या संघातच वेगळा दिसणारा तो एक खेळाडू म्हणजे त्या काळच्या वर्गभेदाचे जिवंत चित्रच होते. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली. तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी सहा लँकेशरचे होते, आणि त्यांत रोव्हर्स होता.

यावर कोणी म्हणेल की, रोव्हर्स काढणारे जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन हे काही कामगार नव्हते. श्रूजबरीच्या प्रतिष्ठित शाळेतून शिकून आलेले तरुण होते. खरे आहे. क्लब काढण्याची कल्पना वरच्या घरांतून आली. पण ती तगली कशावर? दर शनिवारी फाटकावर तिकिटाचे नाणे ठेवून आत येणाऱ्या गिरणी कामगारांवर. खेळाडूही बरेचसे त्यांच्यातून आले. १८७९ मध्ये ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला बॉब क्रॉम्प्टन हा प्लंबरकाम शिकलेला पोरगा. तो १८९६ पासून १९२० पर्यंत याच एका क्लबकडून खेळला, इंग्लंडकडून ४१ सामने खेळला आणि १९१२ व १९१४ अशी दोनदा लीग जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार होता. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ज्या ऑलिंपिकने इतिहास घडवला, तो कामगारांचा लाडका क्लब १८८९ मध्ये पैशाअभावी बंद पडला. म्हणजे नुसत्या आपलेपणावरही क्लब चालत नाही. हेही मान्य करायलाच हवे. पैसा लागतोच, वाद आहे तो पैशाचे स्थान कोणते, याचा.

त्याचे उत्तम उदाहरण जॅक वॉकर. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेल्या या माणसाने वडिलांच्या पत्राकामाच्या छोट्या धंद्यातून पोलादाचा मोठा व्यवसाय उभा केला, तो प्रचंड किमतीला विकला आणि १९९१ मध्ये क्लबची सूत्रे हाती घेतली. तेव्हा रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत रखडला होता. वॉकरने केनी डॅलग्लिशसारखा व्यवस्थापक आणला, १९९२ मध्ये साउदॅम्प्टनकडून ॲलन शिअररला तेव्हाच्या विक्रमी किमतीला घेतले, १९९४ मध्ये ख्रिस सटनला ५० लाख पौंडांना आणले. १९९४-९५ च्या मोसमात शिअररने प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीत ३४ गोल केले. शेवटच्या दिवशी, १४ मे १९९५ रोजी, रोव्हर्स लिव्हरपूलकडून २-१ हरला. पण तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखले आणि ८१ वर्षांनी विजेतेपद ब्लॅकबर्नला परतले. विजेतेपद पैशाने विकत घेतले, अशी टीका तेव्हाही झाली आणि ती खोटी नव्हती. तरी वॉकरने पैसा ओतला तो आपण ज्या गावात लहानाचे मोठे झालो त्या गावाच्या जुन्या क्लबमध्ये. ईवुड पार्क या क्लबच्या घरच्या मैदानाचे स्टँड नव्याने बांधले, ब्रॉकहॉल येथे सराव केंद्र आणि अकादमी उभारली. शिअरर १९९६ मध्ये दीड कोटी पौंडांना न्यूकासलला गेला, १९९९ मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, २००० मध्ये वॉकर वारला; पण अकादमी राहिली. ॲडम व्हॉर्टन हा ब्लॅकबर्नचाच मुलगा त्या अकादमीतून घडला आणि २०२४ मध्ये इंग्लंडकडून खेळला.

वॉकर कुटुंबाच्या विश्वस्त निधीने २०१० मध्ये क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना वेंकीजला विकला. भारतीय कुक्कुटपालनाचे जनक मानले गेलेले डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढच्या पिढीकडे, अनुराधा देसाई, वेंकटेश राव आणि बालाजी राव या भावंडांकडे, तो आला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी अभिमानाने मथळे दिले. महिन्याभरात, संघ तेराव्या स्थानी असताना, अनुभवी व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढून स्टीव्ह कीन यांना नेमले गेले. खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडी खात असल्याची जाहिरात झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. आणि ७ मे २०१२ रोजी घरच्या मैदानावर विगनकडून हरून रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या सामन्यात संतापलेल्या प्रेक्षकांनी क्लबचे झेंडे अंगावर बांधलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. पुढच्या मोसमात हेनिंग बर्ग ५७ दिवस, तर मायकेल ॲपल्टन ६७ दिवस व्यवस्थापक राहिले. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या कुठल्याही क्लबवर तोवर ही पाळी आली नव्हती. टोनी मोब्रे यांनी वर्षभरात त्याला दुसऱ्या श्रेणीत परत आणले. तिथून वरचा दरवाजा मात्र उघडला नाही.

मालकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. दुसऱ्या श्रेणीतले बहुतेक क्लब तोट्यात चालतात, आणि रोव्हर्सचा तोटा पुण्याहून वर्षानुवर्षे भरला गेला. शेजारच्या बरी या जुन्या क्लबला पैशाअभावी २०१९ मध्ये लीगमधून हाकलले गेले. ब्लॅकबर्नवर ती वेळ आली नाही, याचे श्रेय वेंकीजला द्यावेच लागेल. कोंबडीच्या थट्टेत परक्याविषयीचा आकसही मिसळलेला असू शकतो. पण समर्थकांची मुख्य तक्रार मालकांच्या कातडीच्या रंगाची नाही, त्यांच्या अनुपस्थितीची आहे. मालक वर्षानुवर्षे मैदानावर फिरकत नाहीत, बोलत नाहीत, क्लबला कुठे न्यायचे ते सांगत नाहीत. शिवाय भारतातून पैसा पाठवण्यासाठी गेल्या काही वर्षांत दिल्ली उच्च न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागली. जवळपास सात हजार किलोमीटरवरच्या कोर्टातल्या एका तारखेवर लँकेशरमधल्या क्लबचे खेळाडू घ्यायचे की विकायचे हे अवलंबून राहू लागले. २०२५ मध्ये महिला संघाने तर दुसऱ्या श्रेणीतूनच माघार घेतली. इंग्लंडच्या युरो विजेत्या संघातल्या किएरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे आणि एला टून या तिघी ज्या क्लबमधून पुढे आल्या, त्याच क्लबची ही गोष्ट. एकाच तिजोरीला बांधलेल्या क्लबचे असेच होते, मग ती तिजोरी गावातली असो की परमुलखातली. गावातल्या मालकाला निदान रस्त्यात गाठून जाब विचारता येतो. ब्रिटनने २०२५ मध्ये कायदा करून इंग्लिश फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला, तो अशाच अनुभवांतून. जर्मनीत तर क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते राहतील, असा नियम बराच काळ आहे.

इंग्लंडचा क्लब विकत घेणाऱ्या पुण्याचे स्वतःचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. २००७ मध्ये निघालेला पुणे एफसी २०१५ मध्ये गुंडाळला गेला. भारत एफसी एका मोसमात आटोपला. डीएसके शिवाजीयन्सही टिकला नाही. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. या सगळ्यांमागे उद्योगसमूह होते, पैसा होता. उलट कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे आणि शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आहेत. शाहू स्टेडियम भरते ते पेठेच्या ईर्ष्येने. तिथे वर्गणी कमी पडते, कधी मारामाऱ्या होतात. पण पाटाकडील तालमीची जागा कोणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. १८८० च्या दशकातल्या ब्लॅकबर्नच्या सर्वांत जवळ जाणारे गाव महाराष्ट्रात शोधायचे तर ते कोल्हापूर आहे.

आता ब्लॅकबर्नमधल्या गुजराती वस्तीकडे. पन्नास-साठच्या दशकांत गोऱ्या कामगारांना नकोशी झालेली रात्रपाळी करायला ही माणसे तिथे गेली. शनिवारची दुपार ज्या गिरण्यांनी जन्माला घातली, त्याच गिरण्यांत यांना रात्र मिळाली. मग मैदानाशी नाते जुळायला वेळ लागला यात नवल नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार ब्लॅकबर्न-डार्वेन भागात मुसलमानांचे प्रमाण ३५ टक्के आहे. ईवुड पार्कच्या स्टँडमध्ये मात्र ते दीर्घकाळ दिसले नाही. तरी मे २०२२ मध्ये रोव्हर्सने ईदच्या नमाजासाठी आपले मैदान खुले केले; असे करणारा तो इंग्लंडमधला पहिला फुटबॉल क्लब. या निर्णयाचे मोल एखाद्या महागड्या खेळाडूहून अधिक आहे, कारण त्याने गावाच्या एक तृतीयांश लोकांना सांगितले की, हे मैदान तुमचेही आहे.

सुरतेत जुन्या ब्लॅकबर्नच्या उलट स्थिती आहे. उधना, लिंबायत, दिंडोलीत खानदेशातून आलेला मराठी माणूस आहे, ओडिशाचा कामगार आहे. लाखो माग आहेत आणि उद्योजकांकडे पैसाही आहे. नाही ती शनिवारची दुपार. पॉवरलूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या सर्रास चालतात. सुरत क्रिकेटवेडी आहे म्हणून इथे फुटबॉल नाही, हे म्हणणे अर्धेच खरे. बारा तास उभे राहून आलेला माणूस क्रिकेटही फक्त मोबाइलवर बघतो. उद्या कोणी सुरतेच्या नावाने संघ काढला, परदेशी खेळाडू आणले, तरी त्याची गत पुण्याच्या संघांसारखीच होईल. त्यापेक्षा महापालिकेने मागांच्या वस्त्यांत खेळाची मैदाने राखावीत आणि कारखानदारांनी आठवड्यातली एक दुपार पगारासह मोकळी सोडावी. क्लब जगवायचे काम मग वस्ती स्वतःच करील; ब्लॅकबर्नच्या विणकरांनी ते दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवले आहे.