स्लॅम डंक : दहा फुटांवरचा दणका

उंची : बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून १० फुटांवर. चेंडू वरून आत कोंबायचा, तर हात त्याहूनही वर जायला हवा.

बारसं : ‘स्लॅम डंक’ हे नाव रूढ केलं लॉस एंजेलिस लेकर्स संघाचे समालोचक चिक हर्न यांनी.

बंदी : अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये १९६७ ते १९७६ डंकला चक्क मनाई होती!

झेप : १९७६, डेन्व्हर. एबीए या तेव्हाच्या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या डंक स्पर्धेत ज्युलियस अर्व्हिंग थेट फ्री थ्रो रेषेजवळून उडाले.

तंत्र : धावत येताना शेवटून दुसरं पाऊल लांब, शेवटचं आखूड. पुढचा वेग तिथेच उसळीत बदलतो. मोकळा गुडघा वर, चेंडू तळवा-मनगटात घट्ट, मग मनगटाचा खाली झटका.

कमाई : एवढा थाट, पण गुण दोनच!