घरची ओढ

कान्ह्याचा एक विद्यार्थी पुण्यास कॉलेजांत गेला आणि चौथ्याच दिवशीं सामानासह परत आला. "अभ्यास कठीण वाटला काय?" असें आम्हीं विचारतां तो म्हणाला, "अभ्यास नव्हे, संध्याकाळ कठीण जाते." हें उत्तर आम्हांस मार्मिक वाटलें. दिवसा मन कामांत असतें; दिवेलागणीस तें रिकामें होतें आणि संवयीच्या वाटेनें घरीं जातें. मेसमधील भाताला घरच्या इंद्रायणी तांदळाचा वास नाहीं, एवढेंहि निमित्त त्यास पुरतें.

हा नेभळटपणा नव्हे. 1688 सालीं बाझल येथें योहानेस होफर नांवाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें या विषयावर प्रबंध लिहिला व 'घरीं परतणें' आणि 'दुःख' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यास 'नॉस्टॅल्जिया' हें नांव दिलें. त्यानें यास रोग मानिलें. आज वैद्य तसें मानीत नाहींत. ओळखीचीं माणसें, जेवण, निजण्याची जागा हीं सर्व एकदम सुटलीं म्हणजे होणारी ही साहजिक वेदना होय.

आनंदीबाई जोशी 1883 सालीं कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या, तेव्हां त्यांचें वय अवघें अठरा वर्षांचें. पति हिंदुस्थानांत राहिले. पत्रास कित्येक आठवडे लागत. परंतु त्यांनीं आपला वेष सोडला नाहीं, आणि कार्पेंटरबाईंस मावशी मानिलें. घराचा थोडा भाग जवळ ठेवावा व एक नवें नातें जोडावें, हें त्यांनीं केलें. 1886 सालीं त्या डॉक्टर झाल्या. प्रकृति मात्र ढासळली व पुढच्याच वर्षीं त्या वारल्या. म्हणून शरीराची हेळसांड करून धैर्य दाखवा, असें आम्ही म्हणणार नाहीं. अन्न व झोप कित्येक दिवस नाहींशी झाली तर डॉक्टरांकडे जावेंच.

कान्हेकरांची अडचण उलट आहे. घर लोकलनें तासाभरावर! मुलें दर शनिवारीं पळून येतात आणि वसतिगृहाची खोली त्यांची होतच नाहीं. आमच्या मतें पहिली खेप तिसऱ्या शनिवारची ठरवावी व ती मात्र चुकवूं नये. आईबापांनींहि फोनवर "आठवण येते का रे?" असें न विचारतां "आज कोणाबरोबर जेवलास?" असें विचारावें.

तो विद्यार्थी पुन्हां पुण्यास गेला. या वेळीं त्याच्या सामानांत पांच किलो इंद्रायणी तांदूळ होते. मेसच्या आचाऱ्यानें ते एका रविवारीं सर्वांसाठीं शिजविले.