आधी पडायला शिका!

‘अगं हळू, पडशील!’ लहानपणापासून हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं असेल? झाडावर चढलं की पडशील, सायकल जोरात मारली की पडशील. न पडण्याचं हे शिक्षण इतकं पक्कं होतं, की पंचविशी-तिशीपर्यंत पडायचं कसं हे शरीर विसरूनच जातं. अशी बाई रग्बीच्या मैदानात उतरली तर?

हो, रग्बीच! लांबट चेंडू घेऊन पुढे पळायचं, पास मात्र मागेच द्यायचा, आणि समोरची आपल्याला कवेत धरून खाली पाडणार. तुम्ही म्हणाल, हा काय बायकांचा खेळ झाला? पण आपल्याकडे कितीतरी जणी कॉलेजात गेल्यावर किंवा त्याहीनंतर कबड्डी, ॲथलेटिक्स सोडून या खेळाकडे वळल्या आहेत.

मोठेपणी खेळायला आलेल्या बाईला दुखण्याची भीती तर असतेच. त्याहून मोठी भीती असते ती ‘चारचौघांत फजिती होईल’ ही. म्हणून चांगला प्रशिक्षक ‘घाबरू नकोस’ असं नुसतं सांगत बसत नाही. भीतीचे तो लहान लहान तुकडे करतो. सुरुवातीला नुसती शिवाशिवी, म्हणजे टच रग्बी. मग पडायला शिकायचं. हनुवटी छातीशी, हात जमिनीवर टेकायचा नाही (मनगट गेलंच म्हणून समजा!), आणि मांडी, कंबर, खांदा असं कुशीवर यायचं. हे मऊ गवतावर, गुडघ्यांवर बसूनच करायचं. मग उभं राहून, मग चालत, आणि शेवटी पळत.

पाडायलाही तसंच शिकायचं. नजर वर, डोकं समोरचीच्या शरीराच्या बाजूला, खांदा तिच्या कंबरेखाली आणि दोन्ही हातांनी घट्ट मिठी. गंमत म्हणजे जी कचरत, डोळे मिटून जाते, तिलाच जास्त लागायची भीती. डोकं चुकीच्या जागी राहतं ना! म्हणजे धीर हा नुसता स्वभाव नाही, ते एक तंत्रही आहे. रोज थोडं घासलं की अंगी येतं.

मात्र धीर म्हणजे आततायीपणा नव्हे. खांद्याच्या वर धरणं हा नियमभंग आहे. डोक्याला मार लागल्याची शंका आली, तरी खेळाडूनं त्याच क्षणी बाहेर यायचं. ‘काही नाही झालं मला’ म्हणत खेळत राहणं हे शौर्य नाही. घरात ताप अंगावर काढणाऱ्या आपण सगळ्यांनी हे जरा लक्षात ठेवायला हवं!

आपल्या मुलींचंच बघा ना. पंधरा जणींच्या रग्बीत भारतीय महिला संघ आंतरराष्ट्रीय मैदानावर पहिल्यांदा उतरला तो २०१८ मध्ये, सिंगापूरला. कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरुचा, पेशानं फिजिओथेरपिस्ट. त्या स्पर्धेत हार पत्करावी लागली. पण पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, मनिलाला याच मुलींच्या संघानं सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला हा आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय. शेवटच्या मिनिटांत निर्णायक पेनल्टी किक मारली ती ओडिशाच्या सुमित्रा नायकनं. त्या क्षणी पाय थरथरला नसेल असं नाही. पण हीच किक सरावात कितीदा तरी मारलेली असते, तेव्हा पायाला वाट ठाऊक असते.

रग्बीत पडलेल्या खेळाडूला चेंडू सोडावाच लागतो. मागून येणाऱ्या मैत्रिणी तो सांभाळतात, आणि तोवर तिनं उठून पुन्हा पळायला लागायचं असतं. पडलीस तर मागे कुणीतरी आहे, हा भरवसा आला की निम्मी भीती तिथंच संपते.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेक जणी रग्बी खेळणार नाही आहोत. पण चाळिशीत स्कूटर शिकणारी, बँकेत पहिल्यांदा एकटी जाणारी, सभेत बोलायला उभी राहणारी आपल्यातलीच असते. तिला ‘पडशील’ म्हणू नका. पडायचं कसं ते दाखवा, आणि मागे उभ्या राहा. उठायचं कसं, ते ती बघून घेईल!