बेट लहान, मुक्काम मोठा

पेठच्या डोंगरांवर पडलेला पाऊस दमणगंगेच्या वाटेने अरबी समुद्रास जाऊन मिळत असला, तरी पेठच्या माणसाचा समुद्राशी असलेला संबंध दमण किंवा तिथल येथील एका दिवसाच्या सहलीपलीकडे सहसा जात नाही. आणि म्हणूनच येथला एखादा शाळामास्तर, तलाठी किंवा बँकेतला कारकून, गाठीला चार पैसे जमल्यावर, ‘एखाद्या निवांत बेटावर जाऊन आठ दिवस स्वस्थ राहावे’ असा मनसुबा बोलून दाखवू लागला, की त्याच्याभोवती सल्ल्यांचा असा काही गलबला उसळतो, की खरे कोणते आणि ऐकीव कोणते याची खातरजमा करण्याआधीच बिचारा महाबळेश्वरची गाडी पकडून मोकळा होतो. या समजुतींपैकी ज्या वारंवार कानावर येतात त्यांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे, आणि विवेचन हवेत राहू नये म्हणून अंदमानातील शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, हा नमुना समोर ठेवला आहे.

पहिली समजूत भयाची आहे. घरातली वडीलधारी मंडळी ‘अंदमान’ हा शब्द ऐकताच ‘तेथे काय पाहावयाचे, तेथे तर जन्मठेपेचे कैदी पाठवीत’ असे म्हणतात, आणि नाशिक जिल्ह्यात तरी त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, त्या प्रकरणात भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा होऊन जुलै १९११ मध्ये त्यांची रवानगी अंदमानात झाली, आणि त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव यांना तर तत्पूर्वीच जन्मठेप झालेली होती. खुद्द पेठचा धागा त्याहूनही जुना आहे: १८५७ च्या डिसेंबरात पेठ संस्थानात उठाव झाला, राजघराण्यातील भगवंतराव त्यापायी फासावर गेले, आणि पुढच्याच मार्च महिन्यात, देशभरच्या उठावांतील दोनशे बंदी घेऊन डॉक्टर वॉकर पोर्ट ब्लेअरला उतरला आणि कैद्यांची वसाहत सुरू झाली. ज्या नील नावाने हे बेट दीडशे वर्षे ओळखले गेले, तो जेम्स नील म्हणजे अलाहाबाद आणि कानपूर येथे १८५७ चा सूड अमानुषपणे उगवणारा सेनापती. हे नाव बदलून ३० डिसेंबर २०१८ रोजी बेटाला शहीद द्वीप म्हणू लागले, ते उचितच झाले. तथापि वसाहत दुसऱ्या महायुद्धानंतर बंद झाली, सेल्युलर जेल १९७९ पासून राष्ट्रीय स्मारक आहे, आणि ते आहे पोर्ट ब्लेअरला, ज्याला २०२४ पासून श्री विजयपुरम हे नाव मिळाले आहे. शहीद द्वीपावर ना तुरुंग आहे ना कोणते स्मारक. तेथे आहेत भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली शेतकऱ्यांची घरे. त्यांनी आपल्या गावांना जी नावे दिली ती ऐकून पंचवटीला दर सोमवती अमावास्येस जाणारा आपला माणूस क्षणभर थबकेल: रामनगर, सीतापूर, भरतपूर आणि लक्ष्मणपूर.

दुसरी समजूत परवान्याची. ‘तेथे जावयास सरकारी हुकूम लागतो’ असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे म्हणणे अर्धे खरे असल्यामुळेच अधिक घोटाळा करते. लक्षद्वीपला जावयाचे तर भारतीय नागरिकालाही प्रवेशपरवाना काढावाच लागतो. निकोबारच्या बेटांसाठी आदिवासी क्षेत्राचा पास लागतो. शहीद द्वीपासाठी मात्र भारतीय नागरिकास आधार कार्डासारखा ओळखीचा दाखला बोटीच्या तिकिटासाठी जवळ असला म्हणजे पुरे. ज्या ठिकाणी परवाना मिळतच नाही अशीही ठिकाणे आहेत, आणि त्यांविषयी पेठच्या वाचकास दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. जारवा, सेंटिनली इत्यादी मूलनिवासी समूहांची क्षेत्रे १९५६ च्या विनियमान्वये राखीव आहेत. जारवांच्या अरण्यातून जाणाऱ्या रस्त्याने वाहने पहाऱ्यात, एकामागून एक सोडली जातात, वाटेत थांबणे वा छायाचित्र घेणे हा गुन्हा आहे. असे असूनही ‘जारवा दिसतील काय’ असा प्रश्न दलालास विचारणारे प्रवासी आहेतच. आपल्या तालुक्यात पावसाळी सहलीला येणारी शहरी मंडळी गुडघाभर चिखलात आवणी करणाऱ्या बायकांवर न विचारता भ्रमणध्वनी रोखतात, तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या कोकणा किंवा महादेव कोळी शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तरी हा प्रश्न आपल्या तोंडून जाऊ देऊ नये.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. बेट जेवढे लहान तेवढे त्यास दिवस थोडे लागतात, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे की प्रवासी कंपन्यांची सगळी पत्रके तिच्यावरच उभी आहेत: सकाळच्या बोटीने नील, तीन किनारे, जेवण, सायंकाळच्या बोटीने परत. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे चौदा चौरस किलोमीटर, वस्ती सुमारे तीन हजार, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलनेही तासाभराच्या आत जाता येते, तेव्हा अंकगणित चुकले असे म्हणता येत नाही. चूक होते ती हे बेट जमिनीचे आहे असे समजण्यात. तेथे पाहावयाचे जे आहे त्याचा मोठा भाग भरतीच्या वेळी पाण्याखाली असतो, ओहोटीच्या वेळी उघडा पडतो, आणि या दोन्ही गोष्टी कोणाच्याही बोटीच्या वेळापत्रकाकडे न पाहता घडतात.

भरती दिवसातून दोनदा येते, परंतु रोज त्याच वेळेस येत नाही. चंद्र आपल्या मार्गात रोज थोडा पुढे सरकत असल्याने प्रत्येक दिवशी ती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी चढतेही जास्त आणि ओसरतेही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे दोहोंतले अंतर कमी. कोकणातले कोळी तिथीच्या पाऊणपटीने भरतीची घटिका काढतात, तो हिशेब तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची घटिका निराळी; पण उधाण आणि भांग मात्र घरच्या पंचांगावरून पेठेत बसूनही कळतात, आणि लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची जी नैसर्गिक दगडी कमान, जिला बंगाली रहिवासी ‘हावडा ब्रिज’ म्हणतात, ती पाहावयाची असेल तर मुक्कामात पौर्णिमा किंवा अमावास्या यावी अशी तजवीज करणे शहाणपणाचे आहे. त्या वेळी पाणी दूर हटते, प्रवाळाचे खडबडीत पठार उघडे पडते, आणि त्यातील गुडघ्याइतक्या खोल डबक्यांतून समुद्रकाकड्या, तारामासे, बोटाएवढे निळे मासे आणि पाठीवर शंख घेऊन तुरुतुरु पळणारे खेकडे दिसू लागतात. एक डबके नीट पाहावयास अर्धा तास सहज जातो, कारण पहिली दहा मिनिटे त्यात काहीच दिसत नाही. आपली सावली स्थिर झाल्यावर मग एकेक प्राणी दगडाआडून बाहेर येतो. ज्याची बोट भरतीच्या वेळी लागली आणि ओहोटीपूर्वी सुटली, त्याने पाण्यातून डोकावणारे खडक पाहिले, आणि परत येऊन ‘काही विशेष नाही’ असे सांगितले, तर त्याचे सांगणे खोटे नव्हे. तो फक्त चुकीच्या प्रहरी तेथे होता.

घड्याळाचीही एक गंमत आहे. पेठ पूर्व रेखांशाच्या साडेत्र्याहत्तर अंशांच्या आसपास, तर शहीद द्वीप त्र्याण्णव अंशांवर. प्रत्येक अंशास चार मिनिटे धरली तर तेथला सूर्य आपल्याहून सव्वा तासाहून किंचित आधी माथ्यावर येतो, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. परिणाम असा, की डिसेंबरात पेठेत सात वाजेपर्यंत शेकोटीभोवती बसण्याची वेळ असते, तेव्हा तेथे सूर्य उगवून सव्वा-दीड तास झालेला असतो. आणि सायंकाळी पाचच्या सुमारास लक्ष्मणपूरच्या वाळूवर सूर्यास्त उरकतो. जो प्रवासी आपल्या सवयीने नऊला उठून, न्याहारी करून, अकराला बाहेर पडतो त्याच्या वाट्याला उन्हाची दुपार आणि तिन्हीसांजेचा काळोख एवढेच येते. तेथे पहाटे साडेचारला उठावे, सीतापूरच्या किनाऱ्यावर उजाडताना असावे, दुपारी निर्लज्जपणे झोपावे आणि साडेतीनला पुन्हा बाहेर पडावे. आपल्याकडची म्हातारी माणसे, जी शहरी सहलींत नेहमी ‘मागे राहतात’ म्हणून बोलणी खातात, ती तेथे सर्वांच्या पुढे असतील.

ऋतूविषयीची समजूत आपल्याच पावसाळ्यावरून बेतलेली आहे. जून ते सप्टेंबर टाळला म्हणजे झाले, असे धरून मास्तरमंडळी दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी ठरवतात. अंदमानात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो, आणि तो दोन्ही मोसमी वाऱ्यांचा: जो पाऊस पेठेत जूनच्या मध्यावर येतो तो तेथे मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोहोचतो, आणि ईशान्येचा पाऊस ऑक्टोबरपासून थेट डिसेंबरपर्यंत रेंगाळतो, शिवाय बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे उठण्याचा काळही हाच. म्हणून जानेवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत खात्रीचा. सुट्टीचे बंधन असेल तर मेचा पहिला पंधरवडा त्याखालोखाल. उष्ण कटिबंध म्हणजे भाजून काढणारे ऊन, या भीतीत मात्र तथ्य नाही. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आणि पेठ वीस अंशांहून किंचित वर, म्हणजे आपण सारे जन्मापासून उष्ण कटिबंधातच आहोत! अंदमानात पारा नाशिकच्या एप्रिलएवढा कधी चढत नाही आणि निफाडच्या जानेवारीएवढा कधी उतरत नाही. त्रास होतो तो दमट हवेचा, आणि त्यावर सुती कपडा व दुपारची झोप हाच उपाय.

खाण्याच्या बाबतीत, शाकाहारी माणूस बेटावर उपाशी मरतो ही समजूत शहीद द्वीपापुरती तरी पूर्णपणे उलटी आहे. हे बेट द्वीपसमूहाचा भाजीमळा म्हणून ओळखले जाते आणि तेथली भाजी बोटीने राजधानीस, म्हणजे श्री विजयपुरमला, जाते. नागलीची भाकर मिळणार नाही, भात-डाळ-भाजी पोटभर मिळेल. पाण्याचे मात्र सांभाळावे. लहान बेटांवर जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर हलकेपणाने तरंगत असते, आणि उपसा अती झाला की खालचे खारे पाणी वर चढते. धो धो पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात हंडे घेऊन झिऱ्यावर रांग लावणाऱ्या तालुक्याला ही बाब समजावून सांगण्याची गरज नसावी. तथापि सुट्टीवर गेल्यावर याच तालुक्यातील मंडळी दिवसातून तीनदा शॉवरखाली उभी राहतात, हेही खरे.

पोहता येत नसेल तर बेटावर जाण्यात अर्थ नाही, असेही म्हणतात. काचेच्या तळाची नाव भरतपूरच्या किनाऱ्यावर असते, आणि ओहोटीच्या डबक्यांस तर पोहणे लागतच नाही, फक्त तळ जाड असलेली पादत्राणे लागतात. प्रवाळावर पाय ठेवू नये, तो दगड नसून सजीवांची वसाहत आहे. किनाऱ्यावर आपोआप पडलेला प्रवाळाचा तुकडा उचलण्यास कोणाची हरकत असणार, हा युक्तिवादही चालत नाही: प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि मेलेला तुकडाही विमानतळावरील झडतीत सापडला तर जप्त होऊन वर कारवाई होऊ शकते.

राहिला प्रवासाचा बंदोबस्त. पेठेहून नाशिक पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तेथून मुंबई, मुंबईहून विमानाने, बहुधा चेन्नई किंवा कोलकात्यामार्गे, श्री विजयपुरम. चेन्नईहून जहाजानेही जाता येते, पण त्यास अडीच-तीन दिवस लागतात आणि सुट्ट्यांची यादी पाहता ते नोकरदारास परवडणारे नाही. राजधानीहून शहीद द्वीप सदतीस किलोमीटरांच्या आसपास. खाजगी बोट तास-दीड तासात नेते, सरकारी बोट सुमारे दोन तास घेते, तिचे भाडे कमी, आणि तिच्या डेकवर उभे राहता येते, जे बंद काचांच्या वेगवान बोटीत साधत नाही. समुद्र खवळला तर कोणतीही बोट सुटत नाही आणि त्याबद्दल कोणाशी हुज्जत घालून उपयोग नसतो. म्हणून बेटावर निदान पाच रात्री धराव्यात, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी राजधानीत येऊन राहावे. सेल्युलर जेल त्या मोकळ्या दिवसासाठी राखून ठेवावा, म्हणजे बोट एक दिवस रद्द झाली तरी विमान चुकणार नाही.