सावित्रीच्या गढूळ पाण्यात ‘लाइव्ह’ काय दिसतं?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल सावित्रीच्या पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या पाण्यात गेल्या. क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक बांधून तळ चाचपावा लागला. नौदलाच्या पाणबुड्यांना पहिल्या गाडीचा सांगाडा सापडला तेव्हा आठवडा उलटून गेला होता, आणि तो होता पुलापासून काहीशे मीटरवर. मोबाइलवर लाइव्ह सोनारचे व्हिडिओ पाहिलेला माणूस हे ऐकून हमखास विचारतो, की हे यंत्र होडीला असतं तर गाडी तासाभरात दिसली नसती का?

बहुधा नसती. हा समज सगळ्यात घट्ट आहे, म्हणून आधी तोच घेऊ. सोनार म्हणजे पाण्याखालचा कॅमेरा नव्हे. ते आवाज सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र रचतं. गढूळपणा प्रकाशाला अडवतो तसा आवाजाला अडवत नाही, हे खरं. पण पोलादपूरच्या घाटातून उतरलेल्या लोंढ्यात नुसता गाळ नसतो. बुडबुडे, पालापाचोळा, ओंडके, सगळं असतं. त्यातला प्रत्येक बुडबुडा प्रतिध्वनी देतो आणि पडदा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो. गाडीवर वाळू चढली असेल तर हा उच्च वारंवारतेचा आवाज वाळूत शिरत नाही. आणि मुळात अशा धारेत होडी एका जागी ठरायला तरी हवी!

पावसाळा सरल्यावर, दासगावच्या खाली बाणकोटच्या खाडीकडे, यंत्राला काम करता येतं. गार्मिन कंपनीचं लाइव्हस्कोप हे लाइव्ह सोनार २०१८ मध्ये आलं, मग इतर कंपन्यांची आली. जाहिरातीत २०० फुटांपर्यंतचा पल्ला लिहिलेला असतो. तो खोल, शांत पाण्याचा. नदीत पाणी दोन-तीन मीटरच असेल तर समोर सोडलेला आवाज एकदा तळावर आणि एकदा पृष्ठभागावर आपटत जातो. मग लांबचं जे दिसतं त्यात मासा किती आणि तळ किती, हे ओळखणं कठीण.

दुसरी फसगत पडद्यावरच्या जागेची. लाइव्हस्कोपची समोर पाहणारी शलाका उभ्यात १३५ अंश पसरते आणि आडव्यात २० अंश. म्हणजे ३० मीटरवर तिची रुंदी सुमारे साडेदहा मीटर होते. त्या रुंदीतलं सगळं पडद्यावर एकाच रेषेत चपटं होऊन येतं. मासा बरोबर समोर दिसतो, प्रत्यक्षात तो पाच मीटर डावीकडे असतो. पाग नेमका तिथेच रिकामा येतो आणि दोष यंत्राला लागतो.

मासा ओळखता येतो, हाही असाच भ्रम. ठळक ठिपका बहुतेक वेळा माशाच्या अंगाचा नसून त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. घोळीच्या ज्या बोताला बाजारात सोन्याचा भाव येतो, तीच ही पिशवी. मुशी आणि पाकटाला ती नसतेच, त्यामुळे त्यांचा ठिपका फिका. तळाच्या वाळूत दडलेलं पाकट तर दिसतच नाही. जिताडा आहे की दुसरं काही, हे आकारावरून आणि चालीवरून ओळखायचं. ती ओळख माणसाचीच.

आवाजाने मासे पळतात का? बहुतेक माशांना काही हजार हर्ट्झच्या पलीकडचं ऐकू येत नाही. हिलशाच्या जवळच्या कुळातल्या अमेरिकन शॅडला १८० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. लाइव्हस्कोप त्याच्याही वर, ५३० ते ११०० किलोहर्ट्झवर चालतं. मासा बिचकतो तो होडीच्या मशीनच्या घरघरीला आणि फळीवर आपटलेल्या वल्ह्याला.

आता बसवण्याचं. ‘महागडं घेतलं, खांबाला बांधलं, झालं’ असं समजणाऱ्यांचे पैसे इथेच वाया जातात. ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी टिपणारा भाग, होडीच्या तळाच्या पातळीखाली उतरायलाच हवा, नाहीतर होडीचं लाकूडच आवाज अडवतं. पंख्यामागच्या फेसात तो कधीच लावू नये. नाळेजवळ, फिरवता येईल अशा दांड्यावर लावावा. बॅटरी १२ व्होल्टची, पण मशीन सुरू करण्याच्या बॅटरीपासून वेगळी. नाहीतर मशीन सुरू करताना व्होल्टेज पडतं आणि ऐनवेळी पडदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. वायर जाड, मध्ये फ्यूज. जवळच्या वारंवारतेवर चालणारा दुसरा फिश फाइंडर सुरू असेल तर पडद्यावर रेघा येतात. एक बंद करावा. पाणी गोडं की खारं, हे यंत्राला सांगावं लागतं. आपल्याकडच्या कोमट गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, समुद्रात १५४० च्या आसपास. फरक छोटा आहे, पण सावित्रीसारख्या भरतीच्या नदीत महाडहून बाणकोटला जाताना सेटिंग बदलायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. हे सगळं काम काठावर उभं राहून किंवा होडीत बसून करावं. नदीत मगरी आहेत, आणि यंत्र पाहण्यासाठी पाण्यात पाय सोडणं शहाणपणाचं नाही.

एक मत सांगतो. पाग टाकून घरापुरते मासे धरणाऱ्याला हे यंत्र नको. खोली दाखवणारा साधा इको साउंडर त्याला पुरतो, आणि गाळाने दर पावसाळ्यानंतर बदललेला तळ त्यावर कळतो. लाइव्ह सोनार शोभतं ते खाडीत गळाने जिताड्यामागे जाणाऱ्याला, किंवा पूर ओसरल्यावर पाण्याखाली हरवलेली वस्तू शोधणाऱ्या पथकाला. त्यांनीही ते आधी शांत पाण्यात, ठाऊक असलेल्या खडकावर धरून, पडद्यावर तो कसा दिसतो हे पाहून घ्यावं.