सेकंड हँड मोठी बाईक घेताय? कोल्हापूरची 'स्वस्त' गाडी बेळगावात कितीला पडते, आधी हिशोब करा

बेळगाव (प्रतिनिधी) : २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकींवरचा जीएसटी बदलला आणि तेव्हापासून ओळखीतले तरुण एकच प्रश्न विचारू लागलेत. मोठी बाईक नवी घ्यायची की सेकंड हँड? प्रश्न साधा वाटतो. पण सीमाभागातल्या माणसासाठी त्यात एक जादा गाठ आहे. आपल्याला गाडी दिसते कोल्हापुरात, सांगलीत नाहीतर म्हापशात, आणि चालवायची असते बेळगाव, खानापूर, निपाणीत. गाडीबरोबर राज्याची हद्दही ओलांडावी लागते, आणि तिचा खर्च जाहिरातीत लिहिलेला नसतो.

आधी जीएसटीचं बघू. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के होता, तो १८ झाला. ३५० च्या वर २८ आणि ३ टक्के सेस मिळून ३१ होता, तो ४० झाला. म्हणजे मूळ किंमत तीच धरली तर क्लासिक ३५० सारखी गाडी, जिचं इंजिन ३४९ सीसी आहे, शोरूम किमतीत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरली. उलट ६५० सीसीवाली जवळपास सात टक्क्यांनी चढली. याचा सेकंड हँड बाजाराशी थेट संबंध आहे. जुनी ३५० विकणारा अजून २०२४ चा भाव मनात धरून बसलेला असतो. त्याला स्पष्ट सांगा, की बाबा, नवीच उतरली आहे, आता तुझीही उतरली पाहिजे. आणि ६५० वाला जर "नवी महाग झाली" म्हणून जुनीचा भाव चढवत असेल, तर त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण सात टक्क्यांच्या वर त्याला काही आधारही नाही.

आता आमच्या घरातलाच किस्सा सांगतो. भाचा खानापूरचा, चार वर्षं पैसे साठवून इंटरसेप्टर ६५० घ्यायची म्हणून हट्टाला पेटलेला. कोल्हापुरात एमएच-०९ पासिंगची २०२१ ची गाडी मिळाली, मागणी दोन लाख दहा हजार. तशीच बेळगावातली केए-२२ ची गाडी दोन पस्तीसला होती. "मामा, पंचवीस हजार वाचतात की!" म्हणाला. मी कागद घेतला आणि हिशोब मांडला. कर्नाटकात लाखाच्या वरच्या दुचाकीला आजीवन कर १८ टक्के आहे आणि तो गाडीच्या मूळ किमतीवर लागतो, तुम्ही किती देऊन घेतली त्यावर नाही. गाडीच्या वयाप्रमाणे त्यात सूट मिळते खरी. पण पावणेतीन लाखांच्या आसपास किमतीच्या गाडीवर पूर्ण कर पन्नास हजारांच्या घरात जातो, त्यातून चार-पाच वर्षांची सूट वजा करा, तरी वाचलेले पंचवीस हजार त्यातच संपतात. वर एनओसीचे हेलपाटे, नोंदणीची फी, एजंटाचे पैसे वेगळेच.

महाराष्ट्रात भरलेल्या करापैकी उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो. पण तो अर्ज मूळ आरटीओत, नव्या राज्यात नोंदणी झाल्याचा पुरावा जोडून करायचा असतो. मिळाला तर चांगलंच, पण सौदा करताना तो धरून चालू नका.

"एमएच नंबरवरच चालवतो, कोण विचारतंय" असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्याची गाडी आपल्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. ही बारा महिन्यांची मुभा फक्त नंबरची. मालकाचं नाव बदलायला बारा महिने मिळत नाहीत. गाडी विकत घेतलेल्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. चंदगडच्या मामाच्या पत्त्यावर नाव चढवायचं आणि गाडी कायम टिळकवाडीत उभी ठेवायची, ही युक्तीसुद्धा कलम ४७ च्या कचाट्यातच येते. पकडलं की कर आणि दंड दोन्ही.

कागदांचा क्रम नीट समजून घ्या. विकणाऱ्याच्या आरटीओकडून एनओसी घ्यायची, त्याचा अर्ज फॉर्म २८. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. नव्या राज्यात नंबर घ्यायला फॉर्म २७. गाडीवर कर्ज होतं तर आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव चढलेलं असतं, ते उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. "हप्ते कधीच संपले हो" हे तोंडी उत्तर चालत नाही. मोठ्या बाईक बहुतेक कर्जावर घेतलेल्या असतात, त्यामुळे ही अडचण इथे हमखास येते. गाडीचा नंबर टाकून परिवहन खात्याच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर पाच मिनिटांत बरंच कळतं. मालक कितवा आहे, कर्ज आहे का, विमा कधीपर्यंत, ई-चलान किती थकलंय. पुण्या-मुंबईच्या गाड्यांवर थकलेली चलानं बघून थक्क व्हाल.

कोल्हापूरच्या त्या गाडीचं पुढे काय झालं तर ऐका. विकणारा भला माणूस वाटत होता, गाडीही चकचकीत. आरसी मागितली तर नाव तिसऱ्याचंच. याने दोन वर्षांपूर्वी घेतलेली, नावावर केलीच नव्हती. मूळ मालक नोकरीला पुण्याला गेलेला, आणि याच्याकडे त्याच्या सहीचे कोरे फॉर्म २९ आणि ३०. "यावर नाव घाला, काम होतंय" म्हणाला. आम्ही चहा पिऊन परत निघालो. भाचा कोगनोळी टोलनाक्यापर्यंत एक शब्द बोलला नाही.

कोऱ्या सहीच्या फॉर्मला मी एवढा का घाबरतो, ते सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केलंय, की आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याच्या नजरेत मालक. गाडी चार हात फिरली असली तरी अपघातातल्या भरपाईचा बोजा त्याच्यावर येतो. म्हणून आपली जुनी गाडी विकताना "नंतर करून घे ट्रान्सफर" म्हणून किल्ली देऊ नका. नव्या मालकाने कुणाला उडवलं तर नोटीस तुमच्या दारात येईल. विकणाऱ्यानेही राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत, बाहेरच्या राज्यात असेल तर पंचेचाळीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

विम्यात दोन भाग असतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे विकणारा "विमा २०२७ पर्यंत आहे" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण तो फक्त समोरच्याच्या नुकसानीचा असतो. गाडी चोरीला गेली, घसरून टाकी चेपली, तर त्यातून रुपया मिळत नाही. स्वतःच्या नुकसानीचा भाग चालू आहे का, ते वेगळं विचारा, आणि गाडी घेतल्यावर चौदा दिवसांत विमा कंपनीला नाव बदलायचा अर्ज द्या. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच. ३५० सीसीच्या वरच्या गाडीला थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता २०२२ च्या दराने २,८०४ रुपये, तर १५० ते ३५० सीसीला १,३६६. दरवर्षी दुप्पट.

आता गाडी. बघायला सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. गरम लागलं तर थंडीत चालू व्हायला त्रास असेल म्हणून आधीच फिरवली, असं समजायला हरकत नाही. चालू केल्यावर निळा धूर आला तर ऑइल जळतंय. मागच्या स्पॉकेटवरची चेन हाताने मागे ओढून बघा. दातांपासून बरीच सुटत असेल, दात टोकदार होऊन एका बाजूला वाकले असतील, तर चेन-स्पॉकेटचा खर्च तुमच्या डोक्यावर. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेलाय. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी एवढा जुना टायर चोर्ला घाटातल्या पावसात भरवशाचा नाही, आणि मोठ्या गाडीचा मागचा टायर स्वस्त येत नाही.

क्लच आणि ब्रेकची टोकं, फूटरेस्टची कडा, सायलेन्सरची खालची बाजू दोन्हीकडून बघा. तिथे घासलेलं असेल तर गाडी पडलेली आहे. उभ्या उभ्या पडली असेल तर काही नाही, पण हँडल वाकडं असूनही गाडी सरळ जात असेल, किंवा उलटं, तर चासीवर संशय घ्या. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी आकडा न आकडा जुळवा. वर्षाचे किलोमीटर फारच कमी दाखवतात आणि फूटरेस्टचं रबर मात्र गुळगुळीत, असं असलं तर मीटरवर विश्वास ठेवू नका. आपल्याला यातलं कळत नसेल तर ओळखीच्या मिस्त्रीला पेट्रोल, जेवण आणि हजार रुपये देऊन बरोबर न्या.

गोव्याच्या गाडीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. किनाऱ्यालगत उभ्या राहिलेल्या गाडीला खारा वारा लागतो. टाकीखाली, सायलेन्सरच्या सांध्यात, स्पोकच्या मुळाशी, नट-बोल्टांवर गंज बघा. दुसरं म्हणजे पर्यटकांना भाड्याने दिलेल्या गाड्या. त्यांची पाटी काळी, अक्षरं पिवळी. विकताना ती बदलून पांढरी केलेली असू शकते, म्हणून आरसीवर वाहनाचा वर्ग वाचा. भाड्याच्या वर्गातली गाडी खासगी करून घेणं हे वेगळं काम आहे, ते विकणाऱ्यानेच आधी करून द्यावं. आणि दररोज नवा चालक, तोही चढावर क्लच अर्धा दाबून चालवणारा... अशी गाडी मी तरी घेणार नाही.

कुठली घ्यावी, हे ज्याच्या त्याच्या वापरावर. रोज बेळगाव-खानापूर जायचं असेल तर ६५० ची हौस महागात पडते. दोनशे किलोच्या वरचं धूड गणपत गल्लीत वळवून बघा म्हणजे कळेल. रॉयल एनफिल्डची ३५० घेणार असाल तर २०२० च्या शेवटी आलेल्या मीटिअरपासूनचं नवं इंजिन जुन्या ३४६ सीसीपेक्षा कितीतरी कमी थरथरतं, क्लासिकला ते २०२१ मध्ये आलं. त्यासाठी दहा-पंधरा हजार जास्त द्यावेत. हिमालयन ४११ जांबोटीच्या रस्त्यांना शोभते, पण २०१६-१७ ची कार्ब्युरेटरवाली टाळा. केटीएम ३९० ड्यूक आणि डोमिनार यांत पाण्याने गार होणारं इंजिन आहे, कूलंटची पातळी बघा आणि दहा मिनिटं गर्दीत चालवून रेडिएटरचा पंखा सुरू होतो का ते ऐका. हार्ले स्ट्रीट ७५० आता मोहात पाडेल अशा भावात मिळते. पण कंपनीने भारतातला कारखाना २०२० मध्ये बंद केला, सुट्या भागाची चौकशी गाडी बघण्याआधी करा.

इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या वाचकांनाही हाच हिशोब लागू, फक्त तिथला कराचा दर तिथल्या आरटीओत विचारून आकडा बदला.

भाच्याने शेवटी बेळगावचीच केए-२२ घेतली, दोन अठ्ठावीसला तुटली. टोकन म्हणून पाच हजार दिले, तेही गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम आणि "नाव ट्रान्सफर न झाल्यास परत" असं लिहून, दोघांच्या सह्या घेऊन. उरलेले पैसे बँकेतून, नाव चढवायचा अर्ज दाखल झाला त्या दिवशी.