एका केसाची करामत

मालवणच्या समुद्रात माझा कॅमेरा गेला तो एका केसापायी. केसही माझ्याच डोक्यावरचा. तसे तिथे फारसे उरलेले नाहीत! हलत्या होडीत घाईघाईने कॅमेऱ्याची पेटी मिटली, अन् तो नेमका झाकणाच्या रबरी कड्यावर आडवा पडला. मुलगी आयुष्यात प्रथमच पाण्याखाली उतरत होती. तिचे एकही छायाचित्र आमच्याकडे नाही.

माझी समजूत अशी, की पाणी शिरेल ते खोलवर. दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो ना! पण तोच दाब झाकण कड्यावर आवळून धरतो. पुष्कळदा पेटी गळते ती पृष्ठभागाजवळच.

आता मी आदल्या रात्री घरीच बसतो. कडे बोटांनीच काढायचे, टाचणीने नव्हे. दिव्याखाली फिरवून पुसायचे, अन् चकाकी येण्यापुरतेच ग्रीस लावायचे. जास्त झाले की वाळू चिकटते. मग रिकाम्या पेटीत कोरडा टीपकागद घालून ती बादलीत दाबून धरायची. बादली अडते म्हणून आमची ही कुरकुरते, पण मुलगी घड्याळ लावून बसते.

नव्या पेट्यांतली हवा छोट्या पंपाने ओढून घेता येते. आतला दाब वाढू लागला, की दिवा रंग बदलतो. गळती किनाऱ्यावरच समजते. काहींच्या तळाशी दोन उघड्या तारा असतात, त्यांना पाणी टेकताच इशारा होतो. मात्र इशारा झाला म्हणून भरकन वर येऊ नये. फुप्फुसांना ते सोसत नाही.

यंदा पुन्हा मालवणला निघालो आहोत. मुलीने मला टोपी आणली आहे.